काजाएवढ्या वाटा

गल्ली तिला शिवणमावशी म्हणे. मशिनवर बसली की तहानभूक हरपणारी बाई, पण गर्भपिशवीतल्या गाठींनी तिला पार जेरीस आणलं होतं. अंगावरून इतकं जाई की अंगात त्राण उरत नसे. पिशवी काढावी लागेल असं डॉक्टरीणबाईंनी म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे आईचं पोट आलं. बेंबीपासून खाली उभा चिरलेला, घाईच्या टाक्यांसारखा वाकडातिकडा व्रण. आईचीही पिशवी काढली होती, आणि त्यानंतर तिने भरली बादली कधी उचलली नाही. आपलंही मशिन सुटणार, हीच मावशीची धास्ती.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की पोटावर काजाएवढी छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्यांची अवजारं घालायची आणि पडद्यावर बघत काम करायचं.

"काजातून एवढी पिशवी निघेल कशी?"

"ती खालच्या वाटेने काढू. मग ती वाट आतूनच शिवू."

मावशी बघतच राहिली. उशी उलटवायला तीही एका बाजूला जागा सोडायची, पण शेवटचे टाके बाहेरूनच पडत. इथे हात आत न जाता आत शिवण होणार होती.

ऑपरेशन सुखरूप झालं. दोनचार दिवसांत दुखणंही निवळलं. वरची टीप बघून आतलं काम ओळखायची मावशीला जन्माची सवय. पोटावरचे इवलेसे टाके वाळलेले बघून तिने ठरवलं, आपण बऱ्या झालो. सोबतीला आलेली आई आंघोळीला गेल्याची संधी साधून ती मशिनवर बसली आणि पायडल मारू लागली. थोड्याच वेळात अंगावरच्या कपड्यावर लाल डाग दिसला.

आईने तिला तडक दवाखान्यात नेलं. बाईंनी तपासलं. आतली शिवण टिकली होती, पण ती अजून ओली होती. सांगेपर्यंत मशिनला शिवायचं नाही, अशी तंबी मिळाली. रस्त्यात आई म्हणाली, "अस्तर कच्च्या टाक्यावर असताना गिऱ्हाइकाला कपडा घालायला देतेस का गं?"

घरी येताच मावशीने मशिनवर चादर टाकली. ती बाईंनी परवानगी दिली त्याच दिवशी काढली.

त्या दिवशी आईने लेकीच्या पोटावरून बोट फिरवलं. काजांच्या खुणा शोधायला तिला चष्मा लावावा लागला.

"एवढ्याशा जागेतून," ती पुटपुटली, आणि तिचा दुसरा हात नकळत स्वतःच्या व्रणावर गेला.

मावशीने चाकाला हात लावला. मशिन सुरू झालं.