तलावावरची हिरवी साय

लग्नानंतर पुण्याहून हैदराबादला आले आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले. तिथल्या माझ्या वरिष्ठ बाई जुन्या शहरातल्या. सगळे त्यांना आपा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांची दखनी आणि माझं पुणेरी मराठी, पण पहिल्या आठवड्यातच आमचं जमलं.

उन्हाळ्यात आम्ही शहराबाहेरच्या तलावांवर जायचो. बेगम बाजारातून आपांनी घासाघीस करून आणलेली दोरी आणि तिला बांधलेली काळी-पांढरी तबकडी. ती पाण्यात सोडायची आणि किती खोलवर दिसते ते बघायचं. एका एप्रिलात ती बुडताक्षणीच दिसेनाशी झाली. काठाला ऑइलपेंटसारखी हिरवी साय धरली होती, वास उग्र. आपांनी बाटलीत पाणी भरून सावलीत ठेवलं. थोड्या वेळाने हिरवा थर वर तरंगून आला.

"ये वोइच है," त्या म्हणाल्या. म्हणजे ज्यात विष असू शकतं ते शेवाळ. दर वेळी असतंच असं नाही. नक्की कळायला नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागणार होता. तेवढ्यात समोरून म्हशींचा कळप पाण्याकडे येताना दिसला.

आपांनी ओढणी कमरेला खोचली आणि सरळ वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. मला म्हशींची भारी भीती. तरी गेले आणि आपांच्या शेजारी हात पसरून उभी राहिले.

"भय्या, ये पानी भैंसां को नक्को पिलाओ."

"हर साल हराच रहता मॅडम," म्हशीवाला वैतागला.

"हौली समझो मेरे कू, पर आज नक्को. रिपोट आने दो." खुशाल वेडी म्हणा मला, असं आपांचं म्हणणं.

त्याने आपांच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या पसरलेल्या हातांकडे, आणि त्याला हसूच आलं. कुरकुरत त्याने म्हशी वळवल्या, रस्त्यापलीकडच्या वीटभट्टीच्या बोअरवर नेल्या. शेवटची म्हैस दिसेनाशी होईपर्यंत आपा हलल्या नाहीत.

अहवालात विष निघालं. तोवर मासे उलटे पडून तरंगायला लागले होते आणि एक भटकं कुत्रं काठावरच मेलं होतं. पुढच्या फेरीला म्हशीवाल्याने आम्हाला आग्रहाने घरी नेलं. त्याच्या बायकोने वेलदोडा घातलेला खरवस दिला. आपांनी परत मागून घेतला.

आता आपा निवृत्त होऊन परदेशी लेकीकडे असतात. तलाव हिरवा व्हायला लागला की उपग्रहाचं चित्र आधी माझ्या स्क्रीनवर येतं. काम सोपं झालंय, तक्रार नाही. पण उन्हात शेजारी कुणी बडबडत नाही. परवा त्यांना तसलं एक चित्र पाठवलं, तर लगेच फोन आला.

"उप्पर से कित्ता अच्छा दिखता," म्हणाल्या. आणि मग, "किनारे पे कौन हैं, देखे क्या?"

"निकलरई आपा," मी म्हटलं, आणि फोन तसाच कानाला लावून, त्यांच्या नातवंडांची चौकशी करत जिना उतरू लागले.