ताण्याखालून

इतवारी स्टेशनवर मला पोचवायला एकटी आई आली होती. बाबा तुरुंगात होते, आणि त्यांना बेडी घालणारा माझा नवरा, पोलिसातला शिपाई, ट्रंक डब्यात चढवत होता. ह्यांची बदली जबलपूरला झाली होती. ह्यांच्याकडे न बघता आई मला म्हणाली, "मांगं पाहू नको वं." मी पाहिलंच. छोटी गाडी इतकी हळू निघाली की आईचं रडणं मला पुरतं दिसलं.

पाचपावलीतल्या माझ्या माणसांनो, तुमच्यातलेही कितीजण आता मुंबईला, बऱ्हाणपूरला गेलात. इथे जबलपूरला सकाळी धुकं उतरतं. शेजारच्या जीजींशी हिंदीत बोलता बोलता मला त्या धुक्यात आपली विणकरांची गल्ली दिसू लागते. गल्लीच्या तोंडाशी, या कडूनिंबापासून त्या कडूनिंबापर्यंत, लुगड्याचा ताणा. मागावर चढवायचे, खळ लावलेले हजारो उभे धागे उन्हात वाळताहेत. लग्नानंतर हे पहिल्यांदा आले तेव्हा बुटांसकट तो ओलांडायला निघाले होते. बाबा म्हणाले, "जवाईबापू, वरून नाही, खालून वाका." पोलिसाला वाकवलं म्हणून गल्ली आठवडाभर हसली.

बेचाळीसच्या श्रावणात मी माहेरी होते. आपल्या पोरांनी चौकी जाळली, आणि दुसऱ्या सकाळी बंदुका घेऊन पोलीस आले. ताण्याच्या पलीकडे ते, अलीकडे लाठ्या-कुऱ्हाडी घेतलेली आपली माणसं. तिकडे पुढे हे, इकडे पुढे बाबा. साहेबाने ताणा कापायला सांगितलं. ह्यांनी तो न कापता बंदुकीच्या नळीने धागे उचलले आणि खालून यायला मान वाकवली. बाबांची कुऱ्हाड वर होती. एकीकडे बाप, एकीकडे कुंकू. मी ओट्यावर उभी होते.

धागे ह्यांच्या खांद्याला अडकले, तुटायला आले. बाबांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी ताणा वर धरला. जन्माची सवय. मग एकेक शिपाई वाकून खालून आला. गोळी सुटली नाही. बाबांच्या हातात बेडी मात्र ह्यांनीच घातली.

दोन वर्षं माहेरचं पत्र नाही. बाबा सुटल्याचं परक्यांकडून कळलं. मी मनातल्या मनात माहेर सोडून दिलं होतं, आणि एक दिवस टपालाने पार्सल आलं. आत लुगडं, चिठ्ठी नाही. उलगडलं तर मधोमध वीतभर काळसर पट्टा, बंदुकीच्या तेलाचा. डागाळलेला ताणा बाबा कधी मागावर चढवत नसत. हा त्यांनी काठापदरासह विणला होता. ह्यांनी त्या डागावरून बोट फिरवलं आणि बाहेर जाऊन बसले.

ते लुगडं मी सणाला नेसते. धुऊन अंगणात दोरीवर टाकलं की बाजूने जायला भरपूर वाट असते. पण हे, गुडघे दुखत असूनही, खालून वाकून जातात. तेवढा वेळ मी माहेरी असते.