उभं राहून मानायचे आभार

बातमी आली तेव्हा मी कसालच्या एका छापखान्यात आमच्या पत्रकाचं प्रूफ वाचत होते. फोन वनिताचा होता. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण, आता आईच्या जागी बाजारात मासे विकायला बसते, आणि ऐन गर्दीच्या वेळी कधी फोन करत नाही. "बाई गेल्यो गो," एवढंच म्हणाली. कुठल्या बाई, हे विचारावं लागलं नाही. आमच्या दोघींसाठी बाई एकच... लोबोबाई, आमच्या खाडीकाठच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. मी प्रूफ पुढे वाचायला घेतलं आणि त्यातली उद्गारचिन्हं एकेक करून खोडली. का खोडली, ते पुढे येईलच.

आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं नव्हती. बाबा मच्छीमारांच्या संघटनेत, त्यामुळे घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. 'हक्क', 'निषेध', 'धिक्कार' हे शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होते. अशी मुलगी लोबोबाईंच्या मराठीच्या तासाला बसली, म्हणजे खटके उडणारच. नववीत एकदा वनिता आईची टोपली बाजारात पोचवून थेट वर्गात आली. बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, "तुमच्यासारख्यांनी निदान हातपाय धुऊन यावं." वनिता खाली बघत राहिली. मी उभी राहिले. वर्गात प्रमाण मराठीतच बोलायचं असा दंडक होता, पण रागात तो कुठला आठवायला? "बाई, दुपारी तुमच्या ताटात ह्योच वास येता, तेव्हा चालता?" सगळा वर्ग खिदळला. बाईंनी मला तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं.

मग दहावीचा निरोप समारंभ आला. दरवर्षी तेच व्हायचं. मुलं म्हणायची, आम्ही मातीचे गोळे आणि तुम्ही कुंभार. पाहुणे म्हणायचे, चारित्र्य जपा, आदर्श नागरिक व्हा. शेवटी ओळीनं पाया पडणं. आवाज मोठा म्हणून वर्गानं मनोगताला मला उभं केलं. मी म्हणाले, "शिक्षण हा आमचा हक्क आहे. हक्क मिळाला म्हणून कुणी आभार मानत नाही. आणि पाया तर मी कुणाच्याच पडणार नाही." संस्थेचे अध्यक्ष लालबुंद झाले. "मुख्याध्यापिकाबाई, हिला आधी माफी मागायला लावा. तोवर हिला दाखला मिळणार नाही."

बाई उठल्या. मला वाटलं, आता संपलं. दाखला नाही म्हणजे अकरावी नाही. पण त्या अध्यक्षांकडे वळल्याच नाहीत. मला म्हणाल्या, "तू बस. आभार आज मला मानायचे आहेत. गेल्या वर्षी मी वर्गात एका मुलीचा अपमान केला. मासे माझ्या घरी रोज शिजतात, तरी केला. तू मला अडवलंस. मी तुला शिक्षा केली, कारण तू खरं बोलली होतीस. त्याबद्दल तुझे आभार. आणि वनिता, तुझी मी माफी मागते." मग भूगोलाचे सर उठले, त्यांनी एका मुलाचे आभार मानले. त्यांच्यामागून आणखी एक बाई उठल्या... माफीचा विषय तिथेच मिटला. अध्यक्षांनी सगळा वेळ घड्याळाकडे बघून काढला.

नंतर व्हरांड्यात बाईंनी मला गाठलं. वर्गाबाहेर त्या मालवणीतच बोलायच्या. "हक्क आसा, बरोबर बोललंस. पण तो हक्क तुझ्यापर्यंत आणून पोचवणारो माणूस दमता गो. तेका पाणी विचारलंस तर तुझो हक्क कमी होता?" मी शिपाई दाजींकडे गेले. उधाणाचं पाणी वर्गात शिरलं की आमची दप्तरं उचलून बाकांवर ठेवणारे तेच. त्यांचे आभार मानले, तर दाजी म्हणाले, "आता ह्या खंय शिकलंस?"

पुढे ती शाळेची रीतच झाली. निरोपाच्या दिवशी मुलांचं बोलून झालं की शिक्षकांनी उठायचं आणि एकेका मुलाचे, अमुक एका गोष्टीसाठी, आभार मानायचे. आभार मानणारा उभा, मूल बसलेलं. चारित्र्यावरचं याहून चांगलं भाषण मी ऐकलेलं नाही.

शेवटची भेट नाताळात झाली. बाई निवृत्त होऊन घरीच होत्या, खूप वाळल्या होत्या. "ये गो पत्रकवाली," म्हणत त्यांनी करंज्यांसारख्या नेवऱ्यांचं ताट पुढे सरकवलं आणि माझं नवं पत्रक वाचायला घेतलं. "उद्गारचिन्हां कमी कर. सारख्या ओरडणाऱ्याक लोक दुसऱ्या वेळेक आयकनत नाय." मग म्हणाल्या, "नवे सर इलेत. निरोपाक ते उभे ऱ्हवतीत काय गो?" मी म्हटलं, मी स्वतः जाऊन सांगते, बाईंची इच्छा आहे म्हणून. त्या एकदम ताठ बसल्या. "माझ्या नावान अजिबात सांगू नको. माझ्यासाठी केल्यानी तर ती पुण्यतिथी होतली."

जानेवारीत त्या गेल्या, आणि फेब्रुवारीत शाळेनं मला निरोप समारंभाला पाहुणी म्हणून बोलावलं. कार्यक्रमपत्रिकेत ती रीत नव्हती. नवे मुख्याध्यापक घाटावरचे, भले गृहस्थ. त्यांना कुणी सांगितलंच नसावं. व्यासपीठावर बाईंचा हार घातलेला फोटो होता. माझ्या जिभेवर सगळं येत होतं, पण बाईंचं नाव घेतल्याशिवाय ते सांगता आलं नसतं, आणि ते घ्यायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. मी मुलांशी थोडंसं बोलले आणि खाली बसले. शिक्षकांची भाषणं झाली, आभारप्रदर्शन झालं. सर माइकवर म्हणाले, "कार्यक्रम संपला असं जाहीर करतो."

मुलं उठेनात.

सरांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, आमचे आभार राहिले."

"तुम्ही मानलेत की."

"आम्ही मानले. आमचे राहिले."

सर गोंधळले. बाजूच्या बाईंनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. ते माइक सोडून खाली उतरले आणि एका बाकासमोर येऊन थांबले. "राऊळ," ते म्हणाले. सवयीनं राऊळ उठायला लागला, तशी शेजारणीनं त्याचा सदरा ओढला. "बस रे, आपण उठाचा नाय."

"मी फळ्यावर गणित चुकवलं होतं," सर म्हणाले. "तू वर्गात गप्प राहिलास आणि नंतर एकटा येऊन सांगितलंस. माझी लाज राखलीस. तुझे आभार. पण पुढच्या वेळी वर्गातच सांग."

"सर, पुढच्या वेळेक मी खंय असतलंय?"

सगळे हसले, सरही हसले. मागे आमच्या वेळचे भूगोलाचे सर खुर्ची सरकवून उठत होते, त्यांच्या पलीकडे आणखी कुणी. बाईंचं नाव कुणीच घेतलं नाही.