हजेरीच्या ओट्यावरचे शब्द

आमचे हे धुळ्याजवळच्या एका चौकीवर हवालदार होते. घर चौकीला लागूनच, मधे एक खिडकी. राज्य इंग्रजाचं. चोरीची शिक्षा भोगून सुटलेल्यांना रोज संध्याकाळी चौकीच्या ओट्यावर येऊन हजेरी द्यावी लागे. त्यांत एक बाई होती. माझ्याच वयाची, दातांना मिशरी आणि जिभेला हाड नाही.

हे घरात मुके. मीठ दे, पाणी दे, संपलं बोलणं. पण ती बाई आली की यांना वाचा फुटायची. चोरांच्या बोलीतले शब्द तिला विचारायचे, अमुक शब्द का पडला, कुठून आला. सरकारी काम म्हणे. मेलं ते सरकारी काम. बाकीच्यांची हजेरी चुटकीसरशी व्हायची, हिची मात्र माझ्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापून व्हायच्या तरी चाललेलीच.

मी चुलीपाशी बसून सगळं ऐकायची. तुरुंगाला ते लोक 'सासर' म्हणत. यांनी विचारलं, "का गं?"

ती म्हणाली, "भाऊ, तठे बी दुसरानं वाढेल खानं पडस, नि इचारीसन भायेर निंघनं पडस."

हे खो खो हसले. माझा जळफळाट झाला. लग्न झाल्यापासून मीही विचारूनच बाहेर पडत होते, पण मला कधी कुणी 'का गं' म्हणून विचारलं नव्हतं.

शिपायाला ते 'मामा' म्हणत. का, तर भाच्यानं चिरीमिरी न देता मामाचा हात रिता ठेवला की मामा रुसतो. त्यावरही हे हसले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर पाठीत काठी बसली असती.

तिला काय सोनं लागलं होतं? शब्दच ना? मग मीही ते पाठ केले. एका संध्याकाळी ताट वाढताना म्हणाले, "आज मामांना फार उशीर झाला. भाची सोडेना वाटतं."

वाटलं, हसतील. निदान कुठं शिकलीस म्हणून विचारतील.

यांचा घास हातातच राहिला. "घरंदाज बाईच्या तोंडी शोभतं का हे?"

"तिच्या तोंडी बरं गोड लागतं," मी म्हणाले.

यांनी ताट संपवलं, हात धुतला. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून मधल्या खिडकीला फळ्या ठोकून घेतल्या.

हजेरी पूर्वीसारखीच चालली. यांचं हसणं फळ्यांतूनही ऐकू यायचं. कशाला हसले, तेवढं कळायचं नाही.