चाचणी क्रमांक चौदा

धनराज पगारे घराला कुलूप लावून जिना उतरायचा आणि अर्ध्यातून परत वर यायचा. कुलूप ओढून बघायचा. मग खाली. मग पुन्हा वर. बायको मीना म्हणायची, "अहो, ते कुलूपसुद्धा वैतागलं आता तुम्हाला." हा स्वभाव मुळातलाच की गंगापूर रोडवरच्या कॉलेजात सोळा वर्षं कॉम्प्युटर लॅबचा परिचर म्हणून काढल्यावर जडला, कुणास ठाऊक.

कॉलेजात तो नुसता 'पगारे'. पगारे, पंखा लावा. पगारे, माऊसमधला गोळा पुसून आणा. कॉलनीत मात्र तो 'सर'. कुणाचा कॉम्प्युटर अडला की हाक यायची, "सरांना बोलवा रे!" बी.एस्सी. दुसऱ्या वर्षालाच सुटलेल्या माणसाला ही हाक काय वाटत असेल, ते ज्याचं त्याला माहीत. ऐकली की छाती फुगायची आणि लगेच मनात यायचं, न जाणो, एखाद्या दिवशी नाही जमलं तर?

२००८च्या जुलैत कॉलेजात नवा सर्व्हर आला. विभागप्रमुख म्हणाले, "पगारे, सोमवारी ह्यावर डीएनएस उभा करून दाखवा. जमलं, तर सर्व्हर रूमची चावी तुमच्याकडे." सोळा वर्षांत त्या खोलीत तो फक्त झाडू घेऊन गेला होता.

डीएनएस म्हणजे तरी काय? कॉम्प्युटरांच्या दुनियेतला पोस्टमन. आपण नाव सांगायचं, त्यानं घर नंबर सांगायचा. धनराजनं ठरवलं, आधी घरी सराव करायचा. चूक करायची ती चार भिंतींच्या आत करावी, लोकांत शोभा नको, हे त्याचं आयुष्यभराचं धोरण. जुने भाग जोडून केलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात त्यानं तीन लुटुपुटीचे कॉम्प्युटर उभे केले. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. त्यातला एक सर्व्हर. बाकीच्या दोघांना तो स्वतःहून पत्ता वाटायचा आणि बजावायचा, कुठलंही नाव शोधायचं असेल तर मलाच विचारा. सरावापुरतं धनराजनं असं केलं होतं, की कुठलंही नाव विचारा, उत्तर एकच: त्याचं स्वतःचं पान. पानावर दोन शब्द, कितवा प्रयत्न चालू आहे त्याचे.

शनिवारी अकरा वाजता चौदावा प्रयत्न साधला आणि पठ्ठ्या खुर्चीत एकटाच हसला. नंतर दुपारभर तो तेच पान पुन्हा पुन्हा उघडून बघत बसला.

पावणेचारला दार धडधडलं. समोरच्या मंगलाबाई, अंगणवाडीची साडीसुद्धा बदललेली नव्हती. "सर, चला लवकर! साक्षीचा अर्ज जात नाहीये. पाचला बंद होणार!"

साक्षी त्यांची थोरली. इंजिनिअरिंगला कुठली कॉलेजं हवीत ते पसंतीच्या क्रमानं ऑनलाइन भरायचं होतं, आणि आज शेवटचा दिवस. वेळेत नाही गेला, तर वर्ष फुकट. ह्या कॉलनीतून इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिली मुलगी. वडील नाहीत, मामा लग्नाची घाई करतो. वर्षभर थांबली, तर तो लग्न लावूनच देणार.

"बारा ते दोन लाइट नव्हती," साक्षी म्हणाली. "तेव्हापासून कुठलीही साइट उघडा, हेच येतंय. सगळ्यांच्या घरी हेच. केबलवाल्या गोटीरामनं कसली तरी चाचणी लावलीय म्हणे."

धनराजनं पडद्याकडं पाहिलं. पांढऱ्या पानावर दोन शब्द होते. चाचणी १४.

सकाळी इंटरनेटवरून काहीतरी उतरवून घ्यायला त्यानं तो सर्व्हर थोड्या वेळापुरता बाहेरच्या तारेला जोडला होता. काम झालं की तोडायचा, बस. तोडायचा राहिला. कुलूप तीनदा ओढणारा माणूस, आणि हेच राहिलं! गोटीरामची नेटची तार गच्चीवरून गच्चीवर गेलेली, तीस घरं एकाच माळेत ओवलेली. धनराजचं मशीन इन्व्हर्टरवर चालूच होतं. दोन वाजता लाइट आली, घराघरांतले कॉम्प्युटर उठले, पत्ता मागू लागले, आणि पत्ते वाटणारी गोटीरामची गच्चीवरची पेटी जागी होण्याआधीच ह्याच्या सर्व्हरनं दानशूरासारखे सगळ्यांना पत्ते वाटले.

"सर, होईल ना?" मंगलाबाईंनी विचारलं.

"आलोच," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. तो घरी पळाला, सर्व्हर बंद केला आणि परत आला. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. वाटलेले पत्ते घराघरांत तसेच होते. साक्षीच्या कॉम्प्युटरचा जुना पत्ता काढून टाकून त्यानं नवा मागून घेतला. तीनदा चुकलं. सव्वाचारला प्रवेशाची साइट उघडली. मंगलाबाईंनी हात जोडले. "सर, तुम्ही होतात म्हणून हो!"

त्यानं नजर पडद्यावरच ठेवली. सांगून टाक, एक मन म्हणत होतं. अर्ज जाऊ दे, मग बघू, दुसरं म्हणत होतं, आणि हे दुसरं मन फार गोड बोलत होतं. गोटीरामवर ढकलून मोकळं होता येत होतं ना!

साइट गोगलगायीसारखी चालली होती. एकेक कॉलेज निवडायचं आणि वाट बघायची. पावणेपाचला सात कॉलेजं राहिली होती. तेवढ्यात मीना धापा टाकत आली. "गच्चीवर गोटीरामला घेरलंय सगळ्यांनी. अजून कुणाचंच नेट चालत नाही. तो आता पेटी बंद करून पुन्हा चालू करतोय."

पेटी एकदा बंद झाली की नेट परत यायला अर्धा तास लागायचा. आणि घड्याळात पंधरा मिनिटं उरली होती.

धनराज जिना चढला तो आयुष्यात पहिल्यांदा मागं वळून न बघता. गच्चीवर दहा-बारा माणसं होती. मधोमध गोटीराम, दिंडोरीकडचा काटकुळा माणूस, घामानं निथळत पेटीच्या बटनावर हात ठेवून उभा.

"हात लावू नकोस!"

"का हो सर?" एसटीतून रिटायर झालेले मल्हारीकाका गरजले. "दोन वाजल्यापासून ह्याचा तमाशा बघतोय आम्ही!"

"नेट चालू आहे. साक्षीचा अर्ज जातोय."

"मग आमचं का चालत नाही? तुम्हाला काय माहीत?"

आता मात्र सुटका नव्हती. "ते चाचणी चौदा माझं आहे," धनराज म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की पुन्हा म्हणावं लागलं. "गोटीरामची काही चूक नाही. मी घरी सर्व्हर शिकत होतो. माझ्यामुळं सगळ्यांचं नेट गेलं. पेटीला हात लावू नका, पाया पडतो."

गोटीरामनं बटनावरचा हात काढला. मल्हारीकाकांनी धनराजला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आणि आपण ह्यांना सर म्हणत होतो," ते म्हणाले आणि जिना उतरले. त्यांच्यामागं बाकीचेही गेले.

धनराज पाण्याच्या टाकीला टेकून बसला. कान खालच्या मजल्याकडं लागले होते. पाचला चार मिनिटं कमी असताना साक्षीची आरोळी आली, "गेला! आई, अर्ज गेला!" त्यानं चष्मा काढला आणि डोळे पुसले.

गोटीराम अजून तिथंच होता. "दोनपास्नं तार तपासतोय," तो म्हणाला. "दोन जोड कापून नवे केले. तारंला काय झालंच नव्हतं."

"चुकलं माझं, गोटीराम."

"लय शिव्या खाल्ल्या ओ." तो खरंच चिडलेला होता. त्यानं बाटलीतलं पाणी पिऊन घेतलं, उरलेलं धनराजपुढं धरलं. "चला, उठा. तीस घरं हायत. एका घरी करून दाखवा, बाकीची मी करतो."

"मला कोण दार उघडेल आता?"

गोटीराम जिना उतरू लागला. पहिलंच घर मल्हारीकाकांचं निघालं. धनराज दारापासून चार हात लांब उभा राहिला. गोटीरामनं बेल दाबली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी गोटीराम," तो म्हणाला. "सोबत सर हायत."