नाकाचं चाक शेपटाला

चहा गिळा आधी, मग ऐका, नाहीतर ठसका लागेल. मी माझं विमान तोंडावर पाडलं. आकाशातून नाही हो! आकाशात ते अजून गेलेलंच नाही. कासू गावच्या शेतात, जमिनीवरच पाडलं. आणि ते कशामुळे, हे सांगायची मला अजून लाज वाटते.

मी रोह्याला एका कंपनीत फिटर. शिफ्ट सुटली की लोक घरी जातात, मी जायचो हमरापूरला, नंदूच्या गणपतीच्या कारखान्यात. नंदू माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या शेडच्या एका कोपऱ्यात, रंगाची वाट बघणाऱ्या गणपतींच्या शेजारी, मी एका माणसापुरतं विमान बांधलं होतं. उडवायला सरकारी परवानगी लागते, ती यायची होती. तोवर नुसतं जमिनीवर पळवून बघायचं.

पळवलं. पण आपली ही भातशेतीची जमीन, सुकली की हात जाईल एवढ्या भेगा! पुढचं चाक भेगेत गेलं आणि त्याची दांडी वाकली. मग मी ठरवलं, नाकाखालचं चाक काढायचं आणि एक छोटं चाक शेपटाखाली लावायचं. जुनी विमानं अशीच असायची. खडबडीत जमिनीवर तीच बरी.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं!

पण मेख अशी की विमानाचा तोल जिथे साधतो, त्याच्या मागे पंखांखालची दोन मोठी चाकं असली तर ते नाकाकडे झुकतं. शेपटावर बसवायचं तर ती चाकं तोलाच्या पुढे न्यावी लागतात. किती पुढे, ते वजन करून ठरवायचं. तिथे चूक झाली की संपलं.

नाकाचं चाक काढलं आणि नेमका दसरा आला. हत्यारांची पूजा होते, गाड्यांची होते, मग विमानाने काय पाप केलंय? पण ते बसलं होतं जमिनीला नाक टेकून. नंदूची आई कडाडली, "ह्ये काय रे दिन्या? पूजेच्या दिवशी नाक घासत ठेवलंयस!"

गल्लीतून जो येईल तो नारळ घेऊन येत होता. थोडे फोडले. उरलेले मी एका गोणीत भरले आणि ती गोणी शेपटाच्या पोकळीत सारली. शेपूट खाली, नाक वर! नाकावरच्या पंख्याला झेंडूची माळ घातली. काय रुबाब होता, काय सांगू!

दिवाळी झाली तसा नंदू डोकं खाजवायला लागला. "दिन्या, मूर्तींचं काम काढायचं हाय. शेड मोकळी पायजे मला."

मी घरी बायकोला, वैशालीला, गोडीत विचारलं, "आपल्या अंगणात ठेवू का?"

तिच्याकडे उत्तर तयार होतं. समुद्राकडच्या एका रिसॉर्टवाल्या शेठने तिला सांगून ठेवलं होतं, विमान द्या, दारात उभं करतो, लोक सेल्फी काढतील.

"कासूला माझ्यासमोर पळवून दाखवा," वैशाली म्हणाली. "सरळ बांधापर्यंत गेलं तर अंगण तुमचं. नाय गेलं तर शेठचा टेम्पो."

इतक्या वर्षांचे रविवार त्या विमानात घातलेले, आणि त्याच्यापुढे लोक ओठांचा चंबू करून उभे राहणार? नाही! मेलो तरी नाही!

मग मी कामाला भिडलो. शेपटाखाली छोटं चाक लावलं. नंदूच्या प्लास्टर मोजायच्या काट्यावर एकेक चाक चढवलं. मी सीटवर बसायचो, नंदू आकडा वाचायचा.

"परत वाच."

"किती वेळा वाचू? तोच हाय!"

"परत!"

तोल काढला, चाकं पुढे नेली, बोल्ट आवळले. शेवटी वैशालीला शेडवर बोलावून बजावलं, "उद्या चार माणसं बघायला येतील. विमान आतून-बाहेरून लख्ख कर. आत गवताची काडी दिसता कामा नये." लक्षात ठेवा, हे मी बोललो. माझ्या या तोंडाने!

दुसऱ्या दिवशी पंख सोडवून, गणपतीच्या टेम्पोतून विमान कासूला नेलं. पंख परत जोडले. बघतो तर शेठ आधीच हजर, आणि सोबत टेम्पो, मोकळा, फाळका उघडा टाकून! वैशालीने डबा पुढे केला. नारळाच्या वड्या.

"खा. तोंड बघा कसं झालंय."

एक खाल्ली. दुसरी खाल्ली. अहो, अशा मऊ वड्या! तिसरी तोंडात कोंबूनच मी विमानात चढलो आणि पट्टा आवळला.

इंजिन सुरू झालं. बांध समोर दिसत होता, फार लांब नाही. मी हळूच पुढे काढलं. चाललं की! सरळ चाललं! पण मागून काहीतरी थुईथुई नाचल्यासारखं वाटत होतं.

"दिन्याऽऽ! शेपूट उडतंय!" नंदू ओरडत बाजूने पळत होता.

आता शहाण्या माणसाने काय करावं? थांबावं. मी काय केलं? वैशाली बघतेय म्हणून आणखी जोर दिला! शेपूट उचललं. बांध अंगावर येऊ लागला. वडी टाळ्याला चिकटली. मी ब्रेक दाबला.

समोरचं आकाश गेलं. डोंगर गेला. बांधही गेला. राहिली फक्त जमीन, अगदी नाकासमोर. खाडकन आवाज झाला, पंख्याची ढलपी उडाली आणि सगळं शांत. मी पट्ट्यात लटकलेला, शेपूट आभाळात.

नंदूने मला उतरवलं. लागलं नव्हतं, पण रडू अगदी डोळ्यांत आलं होतं. मग काय, सुटलो! "जमीन वाकडी आहे! वारा मागून आला! नंदू, तुझा काटाच खोटा!"

"माझा काटा?" नंदूचा चेहरा उतरला. "अख्खं गाव त्याच्यावर मोजतं रे." रागारागात त्याने शेपूट धरून खाली ओढलं, तर ते एका हातानेच खाली आलं. तो थबकला. "एवढं हलकं कसं? शेडमध्ये तर आपण दोघांनी उचललेलं."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेपटात वाकून बघितलं. रिकामं! गवताची काडीसुद्धा नव्हती.

"वैशाली, इथली गोणी कुठाय?"

"कुठली?"

"नारळांची! दसऱ्याची!"

"ती व्हय? तुमच्या पोटात," ती म्हणाली. "तुम्हीच बोललात ना, आत काय ठेवू नको. आणखी राहिले असते तर खवट झाले असते नारळ."

कळलं ना? मी गोणीसकट वजन केलं होतं! नारळांमुळे तोल मागे दिसला, म्हणून चाकं हवी तेवढी पुढे गेलीच नाहीत. आणि ज्या नारळांनी शेपूट खाली धरलं होतं, ते मीच मिटक्या मारत खाल्ले.

शेठ हळूच पुढे आला. "वहिनी, टेम्पो लावू?"

वैशालीने विमानाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून.

"लावा. पण त्या विमानाचा काय दोष हाय? ते अंगणात येईल. टेम्पोत ह्यांना बसवा. करा दारात उभे, काढू दे लोकांना सेल्फी."

नंदू पोट धरून खालीच बसला. शेठने मात्र मला वरपासून खालपर्यंत अगदी मनापासून न्याहाळलं, अन् मान हलवली.

"नको वहिनी. ह्यांच्याबरोबर कोण काढणार?"