स्क्रमच्या खालचा हात

हे सदर मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. कोणाला घाटात बाई दिसते, कोणाच्या फ्लॅटमधला नळ आपोआप सुरू होतो... वाचायचं, मैत्रिणीला फॉरवर्ड करायचं आणि कामाला लागायचं. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच अंगारे, नवस, भूतबाधा सगळं दाराबाहेर ठेवलं. बाबा आयुष्यभर बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मी स्वतः हडपसरच्या एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. 'मॅडम, ते आपोआप झालं' असं कुणी डेव्हलपर म्हणाला की माझं डोकंच फिरतं. आपोआप काही होत नसतं.

तरीही आज हे पाठवते आहे. पटलं नाही तर खुशाल हसा, मीही इतकी वर्षं तेच केलं.

मी रग्बी खेळते. (हो, मुलीही खेळतात. नाही, हेल्मेट घालून खेळतात तो वेगळा खेळ. हे दोन प्रश्न मला स्वारगेटच्या रिक्षावाल्यापासून बघायला आलेल्या स्थळापर्यंत सगळ्यांनी विचारले आहेत.) संघात माझी जागा 'प्रॉप'ची, म्हणजे पहिल्या रांगेत कडेला. खेळ थांबून पुन्हा सुरू करायचा असला की दोन्हीकडच्या आठ-आठ जणी एकमेकींना घट्ट धरून वाकतात, पहिल्या रांगेतल्या तिघी समोरच्या तिघींच्या खांद्यात डोकी अडकवतात आणि सगळ्या मिळून ढकलतात. याला म्हणतात स्क्रम. तो मध्येच कोसळला तर पहिल्या रांगेचं डोकं आधी जमिनीवर जातं आणि मागच्यांचं सगळं वजन मानेवर येतं. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून मान सांभाळायला शिकवतात.

आणि मी नेमकी मानच लपवत होते.

पंधरा जणींचा भारतीय महिला संघ तेव्हा नुकताच उभा राहत होता. राष्ट्रीय शिबिरासाठी आमच्या भागातून एकच प्रॉप घेणार, असं कानावर आलं होतं. माझं वय अठ्ठावीस. सहा वर्षं पहाटे साडेपाचला ग्राउंड, नऊला ऑफिस, संध्याकाळी जिम असं चाललेलं. मॅनेजर म्हणाला होता, "शीतल, इस बार छुट्टी दे रहा हूँ, पर हर साल नहीं होगा." निवड चाचणीच्या तीन आठवडे आधी सरावात टॅकल करताना, म्हणजे समोरचीला धरून पाडताना, माझ्या मानेला हिसका बसला. दुखणं दोन दिवसांत थांबलं, पण डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. एकदा हातातून चहाचा कप निसटला. आईने विचारलं, "काय गं, हाताला काय झालं?" मी म्हटलं, "झोपेत अवघडला." कोचमॅडमना तर बोललेच नाही. बोलले असते तर त्यांनी त्याच क्षणी बाहेर बसवलं असतं.

त्या एका जागेसाठी माझ्यासमोर होती ऋजुता. नारायण पेठेतली, बँकेत नोकरी, दुसऱ्या क्लबकडून खेळायची. ताकदीने माझ्या तोडीस तोड, आणि जीभ माझ्यापेक्षा चार पावलं पुढे. तीन वर्षं एकमेकींच्या खांद्याला खांदे भिडवत होतो, पण चहाला कधी एकत्र बसलो नव्हतो.

चाचणीचा सामना हडपसरच्या पुढे एका कॉलेजच्या ग्राउंडवर होता. नोव्हेंबरातला रविवार, सकाळचे दहा, लख्ख ऊन. मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत नेहमी अंधार असतो, धुकं असतं. इथे काही नव्हतं. बाउंड्रीला गाड्या लावलेल्या, कुणाची तरी आई डब्यातून पोहे वाटते आहे, असं वातावरण. मैदानावर फक्त एका कोपऱ्यात आदल्या संध्याकाळी जास्त पाणी मारलं गेलं होतं आणि तिथे चिखल झाला होता.

मला बघून ऋजुता म्हणाली, "आलीस का? मला वाटलं आज ऑफिसला रिलीज असेल."

"तुझी बँक रविवारी बंद असते म्हणून आले," मी म्हटलं. तेवढंच.

दुसऱ्या हाफमध्ये, साधारण पंधरा मिनिटं झाल्यावर, नेमका त्या ओल्या कोपऱ्यात स्क्रम लागला. हातांचं गणित आधी सांगते, ते महत्त्वाचं आहे. माझा उजवा हात आमच्या मधल्या खेळाडूच्या पाठीवर, डावा ऋजुताच्या जर्सीत. ऋजुताचा उजवा हात माझ्या कुशीवरून पाठीच्या जर्सीत, डावा त्यांच्या मधल्या खेळाडूच्या पाठीवर. मोकळा हात कुणाचाच नव्हता.

रेफरीने इशारा दिला, आम्ही भिडलो. पहिला धक्का आम्ही जिंकला. दुसऱ्या धक्क्याला माझ्या मागून ढकलणाऱ्या नेहाचा पाय घसरला, ती खाली गेली आणि सगळंच खाली आलं. माझी हनुवटी छातीकडे दाबली गेली. मानेतून डाव्या हातात करंट गेल्यासारखं झालं. डोळ्यांसमोर चिखल, आणि तो वर येतो आहे... मला स्पष्ट आठवतं, मी मनात म्हटलं, 'गेली मान.'

आणि मी थांबले.

माझ्या छातीच्या मधोमध, हाडावर, एक हात होता. उघडा तळवा, बोटं पसरलेली. खालून. त्याने मला झेललं आणि वर धरून ठेवलं. लहान मुलाला पोहायला शिकवताना पाण्यात पोटाखाली हात धरतात, अगदी तसं. जोर नाही, घाई नाही. तळवा गरम होता, जर्सीतूनही ते जाणवत होतं. मी श्वास घेतला. मान सरळ केली. मग त्या हाताने मला हळूच खाली ठेवलं.

शिट्टी वाजली. पोरी एकेक करून उठू लागल्या. मी गुडघ्यांवर बसले, डोकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं... वळत होतं. पायाची बोटं हलवली, हलली. मला रडूच फुटलं.

समोर ऋजुता बसली होती. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "थँक्स."

"कशाबद्दल?"

"तू धरलंस ना मला."

"मी? अगं, तू मला धरलंस! छातीला हात लावून." तिने स्वतःचा तळवा उघडा करून छातीच्या मधोमध ठेवला. मी अजून तिला जागा सांगितलीच नव्हती.

मग ती म्हणाली, "तुझा हात तर माझ्या खांद्याशी होता..."

"आणि तुझा माझ्या पाठीवर."

मला तेव्हा काय झालं कुणास ठाऊक, पण मी उठून सरळ मॅडमकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. हाताचं नाही, मुंग्यांचं. तीन आठवडे लपवलेलं. मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाल्या, "खाली बस. मान हलवू नकोस. आजचा तुझा खेळ संपला."

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. मानेच्या दोन मणक्यांमधली गादी बाहेर सरकून नसेला टेकली होती. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि विचारलं, "यानंतर स्क्रम कोसळला होता म्हणता? पूर्ण?"

"हो."

"आणि डोकं आपटलं नाही?"

"नाही."

"मग तुमचं नशीब. या अवस्थेत मानेवर वजन आलं असतं तर आज आपण इथे बोलत नसतो." त्यांनी ऑपरेशनची गरज नाही, सहा महिने पट्टा आणि फिजिओ, असं सांगितलं. बाहेर आल्यावर आईने माझा डावा हात हातात घेतला तो घरी पोहोचेपर्यंत सोडला नाही.

आता व्हिडिओ. मॅडमच्या सांगण्यावरून राखीव खेळाडूंपैकी एक मुलगी प्रत्येक स्क्रम बाजूने मोबाईलवर घेत होती. ती क्लिप मी मागवली आणि पुढच्या रविवारी ऋजुताला घरी बोलावलं. बाबांनी चष्मा लावला, क्लिप लॅपटॉपवर घेतली आणि एकेक फ्रेम पुढे सरकवू लागले.

क्लिपमध्ये स्क्रम कोसळताना दिसतो. सगळ्या पडतात, आम्ही दोघी सोडून. आमचे पाय सुटलेले, गुडघे हवेत, अंग आडवं, जमिनीपासून वीतभर वर. साधारण दोन सेकंद. मग आम्ही दोघी एकदमच, सावकाश, खाली येतो. आमच्याखाली ऊन तिरपं पडलं आहे आणि चिखल दिसतो आहे. बाकी काही नाही.

"मागच्या मुलीचा हात असेल," बाबा म्हणाले.

"नेहाचे दोन्ही हात जमिनीवर दिसताहेत बाबा. ती आधीच पडली होती."

"मग एकमेकींत अडकून राहिला असाल, कमानीसारख्या." त्यांनी हॉलमधला सोफा सरकवला, ऋजुताला सतरंजीवर तसंच वाकायला लावलं, माझ्या मानेला पट्टा म्हणून माझ्या जागी आईला उभं केलं. आई आणि ऋजुता एकमेकींच्या खांद्यात डोकी घालून उभ्या! "काकू, ढकलू नका हं, माझं सिलेक्शन आहे," ऋजुता म्हणाली. बाबांनी कोन बदलून बघितले, कागदावर आकृत्या काढल्या. पाय जमिनीवरून सुटले की दोघीही दरवेळी धप्पकन खाली. पुन्हा क्लिप. दुपारचे दोन वाजले.

शेवटी बाबांनी चष्मा काढला. "नाही सापडत."

"म्हणजे काय, काका?" ऋजुताने विचारलं.

"म्हणजे मला माहीत नाही. उगाच काहीतरी सांगून मोकळा होणार नाही. तुम्ही दोघी इथे धडधाकट बसलात ना? मग जेवून घ्या आता."

"मला एवढंच कळतं," भाताचा घास घेत ऋजुता म्हणाली, "भूत असेल तर ते आमच्या पेठेतलं नव्हतं. आमच्याकडचं असतं तर आधी विचारलं असतं, कोण हवंय?" त्या दिवशी आम्ही इतक्या हसलो की आईने शेजारच्यांना आवाज जाईल म्हणून दटावलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघी एकत्र जेवत होतो.

शिबिराला ऋजुता गेली. मला वाईट वाटलं, पण वाटेल असं वाटलं होतं तितकं नाही. तिने तिकडून रोज फोन केला. कुठला व्यायाम, कुठला ड्रिल, सगळं सांगायची. पट्टा निघाला, मुंग्या गेल्या, जिममध्ये पुन्हा वजनं उचलायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी दोन प्रॉप घेतले. यादीत माझं नाव तिच्या खाली होतं. बाबांनी यादीची प्रिंट काढून आणली आणि फ्रिजवर लावली.

त्यानंतर मी शेकडो स्क्रम खेळले, त्यातले काही कोसळलेही. तो हात पुन्हा कधी जाणवला नाही. ऋजुतालाही नाही. त्या ग्राउंडवर कधी काही घडलं होतं का, अशी चौकशीही केली. कॉलेजच्या जुन्या शिपायापासून माळ्यापर्यंत. काही नाही. साधं ग्राउंड आहे. कोणी मेलेलं नाही, कोणी पुरलेलं नाही.

माझ्या कामात ज्या बगचं कारण सापडत नाही तो आम्ही उघडा ठेवतो. हा तसाच उघडा आहे. तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा, आम्ही दोघीही वाचू. नसेल तरी चालेल. मी रोज सकाळी उठल्यावर आधी मान डावीकडे वळवते, मग उजवीकडे. वळते... आणि मग बूट घालते.